टिटवीच्या चित्राखालचं नाव

लोक मला म्हणतात, इंदूबाई, झालं गेलं सोडून द्या आता. चेअरमन गेले, तुमचे अण्णा गेले, तुमचेही दात पडले. मी म्हणते, दात पडले, जीभ शाबूत आहे. सोडून द्या म्हणणाऱ्यांचं कधी कुणी काही उचलून नेलेलं नसतं, हे मी आयुष्यभर बघत आलेय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तेव्हा हे मी क्षमा-बिमा करायला लिहीत नाही. ज्यांना क्षमेची हौस असेल त्यांनी कीर्तनाला जावं.

आमचं गाव मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीकडं येताना, बिंदुसरेच्या काठाला. काठाला म्हणायचं एवढंच, कारण बहात्तरच्या दुष्काळात नदीत वाळू होती आणि वाळूत बायका. झिरा खोदायचा, त्यात पाणी साचेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीनं घागर भरायची. एका घागरीला सकाळ जायची. पाणी घरात टाकून आई खडी फोडायला जायची. गावाबाहेर दुष्काळी काम चालू होतं, तिथं शे-दीडशे बाया डोक्यावर पदर घेऊन दगड फोडत बसायच्या. त्या हातोड्यांचा आवाज दिवसभर आमच्या चुलीपर्यंत यायचा. खायला सरकारनं परदेशातून आणून धाडलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकर थापताना काठ फाटायचे, आणि आई थापता थापता तिला शिव्या द्यायची, "जिकून आलीस तिकडं ढोरं बी खात नसतील तुला." वर लसणाचा ठेचा आणि बेसन, ज्यात बेसन शोधावं लागे. पण मी तेव्हा सोळा वर्षांची होते, मला सगळं गोड लागायचं.

माझे वडील, अण्णा, पेंटर होते. मांजरसुंब्याच्या फाट्यावर ढाब्याशेजारी त्यांची पत्र्याची टपरी होती. ट्रकच्या मागच्या फळीवर मोर काढायचे, गरुड काढायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे, आणि गावातल्या सोसायटीचे सगळे फलक त्यांच्याच हातचे. चित्रात त्यांचा हात बेताचाच. मोर काढला तर शेपटीवरून ओळखायचा. अक्षर मात्र असं की वाचणारा उभा राहावा. त्यांची वेलांटी तर घाटापासून पालीपर्यंत सगळ्यांना माहीत होती. दुसरे पेंटर वेलांटी अक्षरावर टोपीसारखी ठेवतात. अण्णा ती मागच्या अक्षराच्या अलीकडून उचलायचे आणि नागाच्या फणीसारखी फुगवून आणून टेकवायचे. ब्रश न उचलता, एका श्वासात. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून श्वास धरायचे, वेलांटी टेकली की सोडायचे. ते हसायचे, "सोड माय, सोड, गुदमरशील." आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. आईला ते कधी नावानं हाक मारायचे नाहीत आणि मलाही नाही. आई 'अगं' होती, मी 'माय' होते.

आणि चंद्री होती, आमची म्हैस. त्या साली तिच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. तिला घालायला आईनं छपरावरचं पाचट उतरवलं, मग आमच्या डोक्यावर ऊन आलं. गावात जनावरांची छावणी होती, सोसायटी चालवायची. पण छावणीत कुणाचं जनावर घ्यायचं हे चेअरमन ठरवायचे. सोसायटीचे चेअरमन तेच, शाळेच्या कमिटीचे चेअरमन तेच, देवळाचे पंच तेच. पांढरं धोतर, हातात घड्याळ, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला नंतर घरी गेल्यावर कळावं आपलं काय गेलं ते. गाव त्यांना दादासाहेब म्हणायचं. मी चेअरमनच म्हणते, मला ते कुणाचे दादा वाटले नाहीत.

तर सोसायटीनं नवा हॉल बांधला. दुष्काळात हॉल कावून बांधला, हे विचारणारं कुणी नव्हतं. हॉलची मोठी भिंत रिकामी दिसायला लागली म्हणून चेअरमननी शाळेत निरोप धाडला की चित्रांची स्पर्धा घ्या. विषयही त्यांनीच दिला, 'पक्षी आणि काल्पनिक देखावा', आणि चित्र तैलरंगातलं हवं. पहिलं येईल ते हॉलमध्ये लागेल, आणि ज्याचं असेल त्याला संस्था औरंगाबादला ड्रॉइंगच्या कोर्सला पाठवेल. हे ऐकलं त्या दिवशी मला भाकर गेली नाही. कारण घरात माझं दुसरंच चाललं होतं. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मामाच्या दत्तूचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे त्याचा कोयता अर्धा. दिवाळीआधी मला त्याच्या घरात देऊन तो पुरा करायचा, असं मामा आणि आई बोलत बसायचे, आणि मी पलीकडं बसून ऐकायचे. मला कुणाचाही अर्धा कोयता व्हायचं नव्हतं.

ड्रॉइंगच्या सरांना विचारलं, "काल्पनिक म्हणजे काय?" ते म्हणाले, "जे आपल्यासमोर नाही ते." म्हटलं, मग सोपं आहे, पाणी काढते. आणि तैलचित्र म्हणजे? "रंग तेलात कालवून काढतात ते." कुठलं तेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण आमच्या घरात तेल एकच, करडईचं. अण्णांच्या पुड्यांमधली रंगाची भुकटी घेतली, कपड्याची नीळ घेतली, गेरू घेतला, आणि आईची तेलाची बरणी घेतली. ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचा तुकडा अण्णांनी चौकटीवर ताणून, पांढरा हात देऊन ठेवलेला होता, त्यावर सुरुवात केली. आईला बरणी रिकामी सापडली तेव्हा तिनं माझी वेणी धरून मला अंगणभर फिरवलं. "फोडणीचं तेल भिताडाला फासती, मुडदा बशिवला तुझा!" अण्णा संध्याकाळी आले, त्यांनी बोट लावून वास घेतला आणि पोट धरून हसले. "अगं माय, त्याला जवसाचं बेलतेल लागतं. हे करडईचं हाय, दिवाळीपस्तोर वाळायचं न्हाई." मग माझ्याजवळ बसले, चित्र बघत राहिले, आणि हसणं बंद झालं. शेवटी म्हणाले, "मला न्हाई जमलं असं कवाच."

मी टिटवी काढली होती. पिवळे लांब पाय, काळा गळा, डोळ्यापुढं लाल कातडी. झिऱ्यावर जाताना ती रोज माझ्या डोक्यावर झेप घ्यायची, एवढी ओरडायची की कान किटायचे. का ते एका सकाळी कळलं. माझ्या पायापासून टीचभर अंतरावर, नदीच्या ऐन पात्रात, गोट्यांमध्ये तिची चार अंडी होती. हुबेहूब गोट्यांसारखी, मातकट, काळे ठिपके, आणि चारीचं निमुळतं तोंड आत केलेलं. माहीत नसेल त्याच्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत. ती तशीच काढली. देखावा माझ्या मनातला होता. दोन्ही तीरांना हिरवं, लांबवर डोंगर आणि डोंगरालाही हिरवं, भरून वाहणारी नदी, आणि तिच्या मधोमध वाळूचा एक पट्टा, त्यावर टिटवी आणि पायाशी चार अंडी. खाली नाव घालायचं ठेवलं होतं. सर म्हणाले होते, निकालानंतर घाला. तेल वाळेना, वावटळीची धूळ आभाळाला चिकटायची, ती मी पिसानं टिपत बसायचे. नंतर मी हजारो चित्रं काढली, पण तसा हात पुन्हा लागला नाही. हे मी लाजून-बिजून सांगत नाही.

चित्र शाळेत गेलं. आठ-दहा दिवसांनी चंद्रीला छावणीत जागा मिळाली. आईनं देवाला साखर ठेवली. अण्णा मात्र जेवताना मान वर करीनात. मला वाटलं, उन्हानं. मग एका सकाळी हॉलचे दरवाजे उघडे दिसले म्हणून मी आत डोकावले, आणि माझं चित्र भिंतीवर. आनंदानं जवळ गेले. खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं, 'रणजित'. रणजित म्हणजे चेअरमनचा पोरगा, अंबाजोगाईला कॉलेजात होता, सुट्टीला यायचा आणि बुलेटवर फिरायचा. त्यानं आयुष्यात कधी साधा पतंगही रंगवला नव्हता. पण मला त्याच्या नावानं एवढं लागलं नाही. 'जि'ची वेलांटी 'ण'च्या अलीकडून उचललेली होती आणि नागाच्या फणीसारखी फुगवून टेकवलेली. एका श्वासात.

त्या दिवशी अण्णा टपरीवरून आले तेव्हा मी दारात उभी होते. म्हटलं, "नाव तुमी लिवलं."

ते हात धुवत राहिले. झिऱ्याचं पाणी, वाटीभरसुद्धा सांडायचं नाही, पण ते धुवत राहिले. मग म्हणाले, "चेअरमन म्हनले, पोराला औरंगाबादला घालायचं हाय, एवढं नाव लिवून दे. म्हशीचं नाव छावणीच्या वहीत घालतो. मी काय म्हनू माय? जनावर मरत व्हतं."

"आन् मी?"

"तुझं काय मरतंय?" असं ते म्हणाले. वाईट मनानं म्हणाले नाहीत, अगदी साधेपणानं विचारलं. म्हणूनच ते मला आजवर बोचतंय. आई चुलीजवळून म्हणाली, "बास झालं. चित्र काय दूध देतंय का?" दुसऱ्या दिवसापासून मी आईबरोबर खडी फोडायला जायला लागले. प्रत्येक दगडाला मी नाव द्यायचे. एक दगड चेअरमन, एक रणजित. तिसरा उचलला की हात थोडा थांबायचा, पण मी तोही फोडायचे. बाया म्हणायच्या, पोरगी लई कामाची निघाली.

हॉलचं उद्घाटन मृगाच्या तोंडावर होतं. बीडहून एक पुढारी पाहुणे येणार होते, आणि सभा भरलेली दिसावी म्हणून खडी फोडणाऱ्या सगळ्या बायांना अर्धा दिवस सुट्टी देऊन हॉलमध्ये बसवलं होतं. आम्ही मागं भिंतीला होतो. अण्णा दाराशी उभे होते, फलक त्यांचाच होता ना. भाषणं झाली, हार झाले, मग पाहुणे चित्राजवळ गेले. "वा, वा. कुणी काढलं?" चेअरमननी पोराच्या पाठीवर हात ठेवला. रणजितनं मान झुकवली. पाहुणे म्हणाले, देखावा फार बोलका आहे. मी आठ दिवस याच घटकेची वाट बघत होते. उठून उभी राहिले. आईनं माझा परकर ओढला, मी हिसका दिला.

"रणजितदादा," मी म्हटलं, "लई झ्याक काढलंय. पक्ष्याच्या पायापाशी ते काय हाय?"

त्यानं वळून चित्राकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघत असावा. म्हणाला, "खडी आहे. नदीत खडी असतेच."

दीडशे बाया, दिवसभर खडी फोडणाऱ्या. आधी एक हसली, मग सगळ्या. गिरजामावशी नावाची म्हातारी आमच्यात होती, सगळं आयुष्य शेरडं राखण्यात गेलेली. ती काठी टेकत पुढं गेली, चेअरमनच्या पाहुण्याला बाजूला सारून चित्राला नाक लावलं. "ही खडी? अरं लेका, ही टिटवीची अंडी. चार हायेत. काढणाऱ्यानं बघून काढल्यात, तोंडं आत केल्यात." आणि मग तिच्या ध्यानात आलं ते माझ्याही ध्यानात तोवर आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. ती मागं वळून म्हणाली, "आन् पात्रात घातल्यात की गं."

हसणं थांबलं. आमच्याकडं लहान पोराला ठाऊक असतं, टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाणी चढणार, आणि नदीच्या पात्रात घातली तर तिला माहीत असतं की यंदा नदी येत नाही. मृगाला दोन दिवस राहिलेले. सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसलेलं, आणि सोसायटीच्या भिंतीवर, हार घालून, पात्रातली अंडी. पुढच्या रांगेतला एक शेतकरी उठला, "चेअरमनसाहेब, हे काय टांगलंय वो तुमी? आमचं वाईट चितलं व्हय?" दुसरा म्हणाला, "उतरवा आधी." गलका झाला. रणजितचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी पोटभर बघून घेतलं.

पण चेअरमन चेअरमन होते. त्यांनी हात वर केला, हॉल गप्प झाला. "हे चित्र आपल्या भगवान पेंटरच्या लेकीनं काढलंय," ते म्हणाले, जसं काही ते मघापासून हेच सांगायला उभे होते. "गुणी पोर. आपल्या संस्थेनंच तिला उभं केलं. नाव मात्र चुकून भलतंच पडलं. रणजितनं फक्त चौकट दिली होती. लिहिणाऱ्यानं घोळ केला." आणि दाराकडं बघून म्हणाले, "काय भगवान?"

सगळ्यांच्या माना वळल्या. अण्णांनी टोपी काढली. "व्हय साहेब," म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली." ज्या माणसाचं अक्षर चुकलेलं घाट ते पालीपर्यंत कुणी बघितलं नव्हतं, तो भर सभेत म्हणाला माझ्याकडून चूक झाली. लोक हसले. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. आत काहीतरी थंड झालं, ठेच्यावर दही खाल्ल्यासारखं. म्हटलं, घ्या.

पाहुणे गेल्यावर चेअरमननी आम्हा दोघांना बोलावलं. दोन दिवसात रणजितचं नाव पुसायचं, माझं घालायचं, आणि अंडी उचलून वर टेकडीवर काढायची, म्हणजे लोकांची समजूत पटेल. "मग औरंगाबाद तुझंच," ते मला म्हणाले. माझं नाव, माझा कोर्स, सगळं मला मिळत होतं, त्यांच्या हातून. आणि उद्या ते सगळीकडं सांगणार होते की ही आमची पोर. अण्णा म्हणाले, "लई उपकार साहेब." मी काही बोलले नाही. त्यांनी तो होकार धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाप-लेक हॉलमध्ये गेलो. अण्णांनी चित्र खाली घेऊन भिंतीला टेकवलं. मी टपरीतून लोखंडी दारांना लावायचा तांबडा प्राइमर आणला होता, मोठा डबा, आणि चार इंची ब्रश. अण्णांना वाटलं, चौकटीला लावायला. मी वरून सुरुवात केली. पहिला हात आभाळावर. दुसरा डोंगरावर. अण्णा "अगं, अगं माय" म्हणाले, माझा दंड धरला. मी दंड सोडवून घेतला. हिरवं गेलं, पाणी गेलं. टिटवीवर आले तेव्हा माझे डोळे भरले होते, पण हात चालू होता. तिच्यावरून दोनदा ब्रश फिरवावा लागला, तेल नीट वाळलेलं नव्हतं, ती खालून पुन्हा पुन्हा दिसत होती. मग अंडी. शेवटी रणजित. सगळी ताडपत्री विटेच्या रंगाची झाली. मग मी पांढऱ्याचा डबा उघडला, बारीक ब्रश बुडवला आणि अण्णांच्या हातात दिला.

"लिवा," मी म्हटलं. "माझं नाव. त्याच कोपऱ्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते रडतील, नाहीतर मला मारतील असं वाटलं. दोन्हीही केलं नाही. खाली बसले, प्राइमर ओला होता तरी बसले, आणि लिहायला घेतलं. 'इं' लिहिला, 'दु' लिहिला, 'म' लिहिला. 'ती'ची वेलांटी फुगवली नाही. साधी काढली, कुणाही पेंटरसारखी. मग ब्रश पुसत, गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "आनखी काय लिवायचं?"

"न्हाई," मी म्हटलं. "एवढंच."

तो फलक आम्ही भिंतीवर तसाच परत लावला आणि निघालो. संध्याकाळी छावणीतला माणूस चंद्रीला आमच्या दारात आणून बांधून गेला. आई तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. आठवड्यानं अण्णांनी चंद्रीला बाजारात नेलं. कोर्स गेला. मामानं ही बातमी ऐकली आणि असली आगीची पोर आपल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, नको म्हणून सोयरीक मोडली, तेवढं एक बरं झालं. पाऊस त्या मृगाला आला नाही, त्याचं खापरही काहींनी माझ्यावर फोडलं. चेअरमन पुढं दोनदा निवडून आले. पण त्यांच्या हॉलला गाव शेवटपर्यंत 'इंदुमतीचा हॉल' म्हणालं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा कसा व्हायचा हे मी स्वतः बघितलंय. त्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

पुढच्या साली मी टपरीवर बसायला लागले. अण्णा अक्षरं लिहायचे, मी चित्रं काढायचे. अठरा वर्षं आम्ही एका पत्र्याखाली काम केलं. भांडण नाही, तंटा नाही. पण त्या हॉलमधल्या दिवसानंतर त्यांनी मला माय म्हणून कधी हाक मारली नाही. पाणी मागायचं असो, टर्पेंटाइन मागायचं असो, "इंदुमती." पूर्ण, चारही अक्षरं, एकही न गाळता. मला नाव पाहिजे होतं ना, मग घे. मी पण हट्टी, मी कधी म्हटलं नाही की पुरे आता.

बीडच्या दवाखान्यात ते शेवटचे होते तेव्हा नर्सनं त्यांना विचारलं, बाबा, तुमच्याबरोबर कोण आहे, कुणाला बोलवू? मी पडद्याच्या अलीकडंच उभी होते, हातात चहाचा ग्लास होता. तापात माणूस बरळतो, जुनं बोलतो, म्हणून मी तिथंच थांबून राहिले, पुढं गेले नाही. म्हातारा निदान आज तरी चुकेल, असं मला वाटत होतं. त्यांनी दम घेतला आणि स्वच्छ सांगितलं, "इंदुमती." मी आत गेले, चहा ठेवला आणि म्हटलं, आले.